छत्तीस फुटांचे कोर्ट

नोव्हेंबर २०१७मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या टेनिस कोर्टवर, एकोणीस वर्षांची एक बेलारूसी मुलगी विजेती ठरली. तिचे नाव आरिना सबालेंका. त्याच महिन्यात ती मिन्स्कला अमेरिकेविरुद्ध फेडरेशन चषकाची अंतिम लढत खेळून आली होती. ती लढत बेलारूसने गमावली होती. मुंबईतला अंतिम सामना मात्र तिने ६-२, ६-३ असा सहज खिशात घातला. पुढे ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली, ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन ओपन जिंकली. तो आठवडा ज्यांनी प्रेक्षकांत बसून पाहिला, त्यांच्यासाठी ती जन्मभराची आठवण झाली.

त्या दिवशी नेटच्या पलीकडे कोण होते, हे फार थोड्यांना सांगता येईल. ती होती स्लोव्हेनियाची दलिला याकुपोविच. त्याच स्पर्धेत ती रशियाच्या इरिना ख्रोमाचेवाबरोबर महिला दुहेरीच्याही अंतिम फेरीत पोहोचली होती. तिथे मेक्सिकोची व्हिक्टोरिया रॉड्रिग्ज आणि नेदरलँड्सची बिबियाने स्खूफ्स या जोडीने त्यांना ७-५, ३-६, १०-७ असे हरवले. एका आठवड्यात दोन अंतिम सामने खेळून याकुपोविच दोन्हीकडून उपविजेतेपद घेऊन परतली.

दुहेरीचा निकाल वर्तमानपत्रात येतो तो एकेरीच्या बातमीच्या शेपटाला, बहुधा फोटोशिवाय. महाराष्ट्रातल्या मुलींच्या टेनिसचा इतिहास पाहायचा असेल, तर नेमकी तीच शेवटची ओळ वाचायला हवी. मराठी मुली जगाच्या मोठ्या कोर्टवर पोहोचल्या त्या बहुतेक वेळा दुहेरीच्या वाटेने. आणि त्या वाटेवरची सर्वांत ठळक पावले मुंबई-पुण्याहून नाही, तालुक्याच्या गावांतून निघाली आहेत.

एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते, दुहेरीचे ३६ फूट. लांबी दोन्हीकडे ७८ फूटच. म्हणजे दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांची एकेक पट्टी वाढते आणि तेवढ्याने सगळा खेळ पालटतो. एकेरीत खेळाडू मागच्या रेषेवर राहून चेंडू परतवत राहू शकते. दुहेरीत जोडीतली एक सर्व्हिस करते तेव्हा दुसरी नेटजवळ वाकून उभी असते. सर्व्हिसच्या आधी नेटजवळची मुलगी हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करते. मूठ मिटली तर ती जागेवर राहणार. पंजा उघडला तर चेंडू पडल्यावर आडवी धावून मधेच व्हॉली मारणार. समोरच्या दोघींना ती खूण दिसत नाही. त्यांना अंदाजानेच ठरवावे लागते, की चेंडू मधून मारायचा, कडेच्या पट्टीतून सरळ काढायचा, की उंच लॉब टाकायचा. विचार करायला सेकंदाचाही अवधी नसतो. इथे ताकदीइतकीच नजर लागते, आणि जोडीदाराच्या मनात काय चालले आहे याची खात्री लागते.

नेहमीच्या व्यावसायिक दौऱ्यावर दुहेरीत तिसरा सेट पूर्ण खेळवत नाहीत. एकेक सेट झाला की दहा गुणांचा सुपर टायब्रेक होतो. जी जोडी आधी दहावर पोहोचेल आणि दोन गुणांनी पुढे असेल, तिचा सामना. दीड तासाची मेहनत दहा-पंधरा मिनिटांत इकडची तिकडे होते. या लेखात हा सुपर टायब्रेक पुन्हा भेटणार आहे.

मुंबईशी महिला टेनिसचे नाते मात्र सबालेंकाच्या पुष्कळ आधीचे. १९३४च्या विम्बल्डनमध्ये मुंबईच्या लीला राव या तरुणीने पहिल्या फेरीत इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला ४-६, १०-८, ६-२ असे हरवले. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफकडून ती हरली. पुढच्या वर्षी ती पुन्हा तिथे गेली. भारतात तिने अखिल भारतीय स्पर्धेची एकेरीची विजेतेपदे एकामागून एक मिळवली.

लीलाचे घराणे मराठी वाचकाला वेगळ्याच कारणाने ओळखीचे असेल. तिची आई म्हणजे पंडिता क्षमा राव. पुण्यात जन्मलेल्या क्षमाबाई संस्कृतमधल्या कवयित्री. गांधीजींच्या लढ्यावर त्यांनी 'सत्याग्रहगीता' लिहिली, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृतात रचली. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे वेदाभ्यासक. तुकोबांच्या गाथेची १८६९ची जी प्रसिद्ध छापील आवृत्ती आहे, तिच्या संपादनात त्यांचा हात होता. अशा घरातल्या क्षमाबाई भारतातल्या सुरुवातीच्या स्त्री टेनिसपटूंपैकी एक होत्या, आणि लेकीने रॅकेट हाती घेतली ती त्यांच्याच मागोमाग. पुढे लीलाने भारतीय नृत्यावर ग्रंथ लिहिले. लग्न मुत्सद्दी हरीश्वर दयाळ यांच्याशी झाल्यावर ती लीला राव दयाळ झाली. श्लोक आणि सर्व्हिस एकाच घरात नांदत होती, ही गोष्ट महाराष्ट्राने अजून पुरती अभिमानाने सांगितलेली नाही.

तरीही त्या काळाचे टेनिस घरच्या सुबत्तेवर उभे होते. जिमखाने, क्लब, परदेशी जाण्याचा खर्च हे सगळे मोजक्या कुटुंबांच्याच आवाक्यातले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा साडी नेसूनच टेनिस खेळत आणि बक्षिसे जिंकत. पुढच्या पिढीत निरुपमा वसंत, म्हणजे क्रिकेटपटू अशोक मांकड यांच्या पत्नी निरुपमा मांकड, यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि १९७१मध्ये आनंद अमृतराजबरोबर विम्बल्डनची मिश्र दुहेरी खेळली. तालुक्याच्या गावातल्या मुलीच्या हाती रॅकेट यायला अजून बराच काळ जायचा होता.

मोठी व्यावसायिक महिला स्पर्धा २०१२मध्ये पुण्याला आली. महिला टेनिस संघटनेने, म्हणजे डब्ल्यूटीएने, त्या वर्षी मोठ्या दौऱ्याच्या खालची '१२५' ही नवी मालिका सुरू केली. पहिल्या वर्षी तिच्यात दोनच स्पर्धा होत्या. एक तैपेईला, दुसरी पुण्यात. पुण्यातल्या अंतिम सामन्यात अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने बेचाळीस वर्षांच्या किमिको दाते-क्रुमला ६-२, ६-३ असे हरवले. वयातले चोवीस वर्षांचे अंतर एका नेटच्या दोन बाजूंना उभे होते. त्यानंतर पाच वर्षांनी मुंबईत ती मालिका आली आणि सबालेंका जिंकली. २०१८मध्ये थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली. मग खंड पडला तो थेट २०२४पर्यंत.

खंडाच्या आधीची आणि नंतरची मुंबई यांत एक मोठा फरक होता. तो फरक समजायला बार्शीला जावे लागेल.

सोलापूर जिल्ह्यातली बार्शी म्हणजे भगवंताचे मंदिर, धान्याची आडत, कापडगिरण्या, आणि १८९७पासून धावलेली बार्शी लाइटची अरुंद गाडी. मलकापूरच्या वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही. नळगंगेकाठच्या या गावाचा जीवही असाच रेल्वे, कापूस आणि बाजारपेठ यांत गुंतलेला. अशा गावात खेळ म्हटले की कबड्डी, खो-खो, कुस्ती, आणि सुटीत क्रिकेट. त्या बार्शीत १९९४मध्ये प्रार्थना ठोंबरे जन्मली.

टेनिस हा एकट्याने वाढवायचा खेळ नाही. रोज समोर तोडीचे कोणीतरी लागते, प्रशिक्षक लागतो, वर्षभर प्रवास लागतो. पुढे प्रार्थना हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत सराव करू लागली. सानियाचा जन्म मुंबईतला, वाढ हैदराबादेतली. मनगटाच्या दुखापतीने बेजार झालेल्या सानियाने २०१३मध्ये एकेरी सोडली आणि सारे लक्ष दुहेरीवर दिले. २०१५मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. मार्टिना हिंगिसबरोबर तिने त्या वर्षीची विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन जिंकली, पाठोपाठ २०१६ची ऑस्ट्रेलियनही. या दोघींनी लागोपाठ ४१ सामने जिंकले. दुहेरी म्हणजे एकेरीत न जमलेल्यांचा आसरा, असे अजूनही ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. खुद्द सबालेंकाही एकेरीची राणी होण्याआधी दुहेरीत पहिल्या क्रमांकावर होती, आणि तिची पहिली ग्रँड स्लॅम विजेतेपदे एलिस मर्टेन्सबरोबरच्या दुहेरीतली आहेत.

२०१४मध्ये दक्षिण कोरियाच्या इंचॉनला आशियाई स्पर्धा झाल्या. महिला दुहेरीत सानियाच्या जोडीला वीस वर्षांची प्रार्थना होती. उपांत्य फेरीत त्या तैपेईच्या जोडीकडून हरल्या आणि कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. बार्शीच्या मुलीने टेनिसमधले आशियाई पदक आणले, ही घटना जेवढी साजरी व्हायला हवी होती, तेवढी राज्यात झाली नाही.

दोन वर्षांनी रिओ ऑलिम्पिक आले. ऑलिम्पिकचा नियम असा की, दुहेरीत जगातल्या पहिल्या दहांत असलेली खेळाडू आपल्या देशातली जोडीदार घेऊन उतरू शकते. सानिया पहिल्या क्रमांकावर होती, म्हणून हे दार उघडे होते. दारातून आत गेली प्रार्थना. ६ ऑगस्ट २०१६ रोजी पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. पेंग स्वतः एके काळची दुहेरीतली जगातली पहिली. दुहेरीच्या क्रमवारीत प्रार्थना त्या दोघींपेक्षा पुष्कळ खाली होती, आणि दुहेरीत मारा नेहमी दोघींतल्या कमी अनुभवी खेळाडूवर होतो. चेंडू तिच्याकडे जास्त येतात, तिच्या सर्व्हिसवर जास्त दडपण येते. तरी सामना पावणेतीन तासांच्या आसपास चालला. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला. दुसरा भारतीय जोडीने ७-५ असा घेतला. तिसरा ५-७ असा हातून निसटला. त्याच दिवशी पुरुष दुहेरीत लिअँडर पेस आणि रोहन बोपण्णाही पहिल्या फेरीत हरले आणि सगळी चर्चा त्यांच्याकडे वळली. रिओच्या त्या सामन्यातली प्रार्थनाची झुंज झाकोळली गेली, हा तिच्यावर अन्यायच झाला.

इथे आणखी एका तालुक्याच्या गावाचे नाव घ्यायला हवे. श्रीरामपूर. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या साखरपट्ट्यात १९९६मध्ये ऋतुजा भोसले जन्मली. ती पुढे अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत ती रोहन बोपण्णाबरोबर उतरली. समोर पुन्हा तैपेईचीच जोडी. पहिला सेट २-६ असा गेला. दुसरा ६-३ असा घेतला, आणि सुपर टायब्रेक १०-४. सुवर्णपदक. बोपण्णा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता, ऋतुजा सत्तावीस. बार्शी आणि श्रीरामपूर, कांस्य आणि सुवर्ण, आणि दोन्ही पदके दुहेरीतली. याला योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

मग फेब्रुवारी २०२४ उजाडला आणि मुंबई ओपन पुन्हा ब्रेबॉर्नच्या आवारात भरली. एकेरीत लाटव्हियाची दार्या सेमेनिस्ताया ऑस्ट्रेलियाच्या स्टॉर्म हंटरला ५-७, ७-६, ६-२ असे हरवून जिंकली. हंटर काही महिन्यांपूर्वीच दुहेरीत जगात पहिली झाली होती. दुहेरीच्या अंतिम फेरीत मात्र त्या वर्षी यजमान राज्याचे माणूस होते. नेदरलँड्सची आरियाने हार्तोनो आणि बार्शीची प्रार्थना ठोंबरे. हार्तोनो २०१८मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या स्पर्धेत एकेरीची विजेती ठरलेली, मिसिसिपी विद्यापीठाची खेळाडू. समोर अमेरिकेची सब्रिना सांतामारिया, आणि तिच्याबरोबर दलिला याकुपोविच.

होय, तीच. २०१७मध्ये मुंबईत दोन अंतिम सामने हरलेली. मधल्या काळात, जानेवारी २०२०मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीत वणव्याच्या धुराने खोकल्याची उबळ येऊन ती कोर्टवरच गुडघे टेकून बसली होती आणि तिला सामना सोडावा लागला होता. ते चित्र जगभर गेले. अशी खेळाडू सहा वर्षांहून अधिक काळानंतर त्याच मुंबईत, त्याच आवारात परत आली आणि तिने दुहेरीचा चषक उचलला. निकाल ६-४, ६-३. मराठी प्रेक्षकाला प्रार्थनाच्या हरण्याचे वाईट वाटले असणार, पण समोरच्या बाजूलाही एक दीर्घ हिशेब पुरा होत होता, हेही तितकेच खरे.

दुहेरीत भाडोत्री जोड्या फार. क्रमवारी, प्रवेशाची मुदत, विमानाचे तिकीट यांवर आठवड्या-आठवड्याला जोडीदार बदलतात. त्या बाजारात हार्तोनो आणि प्रार्थना फेब्रुवारी २०२५मध्ये मुंबईत पुन्हा एकत्र उतरल्या आणि पुन्हा अंतिम फेरीत पोहोचल्या. त्या वर्षी सगळ्यांचे डोळे कोइम्बतूरच्या माया राजेश्वरनवर होते. पंधरा वर्षांची ती मुलगी पात्रता फेरीतून येऊन एकेरीच्या उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि पुढे विजेती ठरलेल्या स्वित्झर्लंडच्या जिल टाइखमनकडून हरली. मायाचे कौतुक रास्तच होते.

दुहेरीचा अंतिम सामना रशियाच्या अमिना अन्शबा आणि एलेना प्रिदांकिना यांच्याशी. पहिला सेट टायब्रेकपर्यंत ताणला गेला आणि रशियन जोडीने तो ७-४ने घेतला. दुसऱ्या सेटमध्ये हार्तोनो-प्रार्थनाने ६-२ अशी मुसंडी मारली. मग आला सुपर टायब्रेक. त्यात पहिली सर्व्हिस एका गुणाची, मग प्रत्येकीच्या वाट्याला दोन-दोन. दर सहा गुणांनी बाजू बदलायच्या, बसायला खुर्ची नाही, नुसते नेटच्या खांबाजवळून पलीकडे जायचे. एखादी दुहेरी चूक, एखादा कडेच्या पट्टीतून निसटलेला परतफटका, आणि दोन गुणांची तफावत भरून काढायला सामना उरत नाही. बार्शीची मुलगी मुंबईत विजेतेपदापासून तीन गुण दूर राहिली. अंतिम आकडे ७-६, २-६, १०-७. २०१७मध्ये याकुपोविचचा सामनाही याच १०-७ने गेला होता.

दोन वर्षे, दोन अंतिम सामने, दोन्हीकडे उपविजेतेपद. पण २०१७च्या महिला दुहेरीच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राची एकही खेळाडू नव्हती. खंडानंतर मात्र, लागोपाठ दोन वर्षे, बार्शीचे नाव फलकावर लागले. त्याच २०२५च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी संकुलात बिली जीन किंग चषकाची आशिया-ओशनिया गटाची लढत झाली. कोरियाविरुद्ध एकेरीत १-१ अशी बरोबरी झाल्यावर अंकिता रैना आणि प्रार्थना यांनी निर्णायक दुहेरी जिंकली आणि भारत पुढच्या प्ले-ऑफसाठी पात्र ठरला. देशाचा निकाल पुन्हा एकदा छत्तीस फुटांच्या कोर्टवर ठरला.

तालुक्याच्या गावातल्या मुलींना दुहेरीच का लाभते, याची कारणे साधी आहेत. एकेरीच्या क्रमवारीत वर चढायचे तर वर्षाला वीस-पंचवीस आठवडे परदेशात काढावे लागतात, सोबत प्रशिक्षक आणि फिजिओ न्यावा लागतो. तो खर्च झेपणारी घरे कमी. दुहेरीत समज, संयम आणि नेटजवळचे धाडस यांच्या बळावर चाळिशीपर्यंत खेळता येते. बोपण्णाने ते दाखवून दिले आहे. शिवाय गावात कोर्ट एकच असेल, तर त्यावर एकेरीत दोघीच खेळतात. दुहेरीत चौघी. दिवसभरात तेवढ्याच कोर्टवर दुप्पट मुली तयार होतात.

म्हणून हे सांगणे मलकापूर, नांदुरा, मोताळ्याच्या क्रीडाशिक्षकांना, नगरसेवकांना आणि मुलींच्या पालकांना आहे. तालुका क्रीडा संकुलाच्या आराखड्यात टेनिस कोर्टसाठी मोकळ्या कडांसह १२० बाय ६० फुटांची जागा मागून घ्या. त्यात ७८ बाय ३६च्या रेषा आखा, एकेरीपुरत्या आखून थांबू नका. रॅकेटी चार आणा. आणि पहिल्या दिवसापासून मुलींना जोडीने खेळवा.